न आलेले सात

अहवालावर सही करायला उज्ज्वला डोंगरदिवेला दहा मिनिटं पुरली असती. सगळं जागच्या जागी होतं. छत्तीस स्वयंसेवक, दोन गोळ्या, दर गोळीमागे प्रत्येकाच्या रक्ताचे अठरा नमुने आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत निकाल : ९७ ते १०८. उत्तीर्ण. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'समतोल क्लिनिकल रिसर्च'मध्ये ती सोळा वर्षं संख्याशास्त्रज्ञ होती, आणि इतका देखणा निकाल तिच्या टेबलावर फार थोड्या वेळा आला होता.

शिवाय हा निकाल तिला स्वतःलाही हवा होता. औषध अपस्माराचं होतं, नाव तेवारिल. मूळ गोळी परदेशातून यायची. महाग, आणि कधी मिळायची, कधी नाही. उज्ज्वलाची धाकटी बहीण संघमित्रा जालन्याला पोस्टात नोकरीला होती. तिची अकरा वर्षांची मुलगी संबोधी ही गोळी सुरू झाल्यापासून फिट न येता शाळेत जात होती. पण गेल्या वर्षात दोनदा गोळी बाजारातून गायब झाली, आणि संघमित्राने मुंबईपर्यंत दुकानं पालथी घातली. आता मराठवाड्यातल्याच एका नव्या कारखान्याने तेच औषध बनवलं होतं. ते मूळ गोळीइतकंच आणि तितक्याच वेगाने रक्तात उतरतं, एवढं सिद्ध झालं की परवानगी मिळणार होती.

ते सिद्ध करण्याची पद्धत जुनीच होती. २०३९ सालातही तिच्याहून बरी कुणाला सुचली नव्हती. दोन वेगळ्या माणसांची तुलना करायचीच नाही. एकाच माणसाला आधी एक गोळी द्यायची, रक्तात ती किती चढते ते मोजायचं, मग पंधरा दिवस थांबून शरीर कोरं झालं की दुसरी द्यायची आणि पुन्हा मोजायचं. म्हणजे जो तो स्वतःचीच फूटपट्टी होतो. क्रमाचा परिणाम होऊ नये म्हणून निम्म्यांना नवी गोळी आधी, निम्म्यांना जुनी आधी, आणि कुणाला कुठला क्रम ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. जुन्या गोळीची पातळी शंभर धरली, तर नवीची सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकेल याचा पट्टा काढायचा. अपस्माराच्या औषधात थोडं कमी-जास्त झालं तरी महागात पडतं, म्हणून इथे मर्यादा कडक होती : नव्वद ते एकशे अकराच्या आत.

अडचण एकच असायची. माणसं पहिली गोळी घेत आणि दुसरीसाठी परत येत नसत. पूर्वी अशा माणसाची नोंद सरळ काढून टाकत. आता त्यासाठी 'प्रतिरूप' नावाचं यंत्र होतं. माणसाची जनुकं, वजन, यकृताच्या तपासण्या आणि पहिल्या गोळीचं रक्त एवढं त्याला दिलं की ते त्या माणसाची आकड्यांतली प्रतिकृती उभी करत असे. मग त्या प्रतिकृतीला दुसरी गोळी 'खायला' घालायची. रिकामी जागा भरली! दोन वर्षांपूर्वी नियामकांनीही ही पद्धत मान्य केली होती. अट एकच घातली होती : शेवटची आकडेमोड कुणालाही फुकट मिळणाऱ्या, कुणालाही उघडून वाचता येणाऱ्या प्रणालीत पुन्हा करून पाहायची, आणि ती करणाऱ्याची सही वेगळी असायची.

ती सही उज्ज्वलाची होती. प्रणालीचं नाव होतं 'आर'. कॉलेजात असल्यापासून ती हीच वापरत आली होती. तिच्यात चकचकीत काही नव्हतं. पांढरा पडदा, त्यावर एकेक आज्ञा लिहायची आणि उत्तर घ्यायचं. पण कुठल्या उत्तराच्या पोटात काय आहे, ते शेवटच्या ओळीपर्यंत उकलून पाहता यायचं.

त्या दिवशी सही करण्याआधी तिने सवयीने यंत्राने भरलेल्या सातही जागा पुन्हा रिकाम्या केल्या आणि मूळ माहिती तेवढी समोर घेतली.

सात जण परत आले नव्हते. सातांपुढे एकच कारण : 'वैयक्तिक'. त्यांतल्या सहा जणांनी आधी नवी गोळी घेतली होती.

असं निव्वळ योगायोगानेही होतं. तिने हिशेब केला, शंभरात चारेक वेळा. त्यासाठी आरडाओरडा करण्यासारखं काही नव्हतं. तिने त्या सातांना अजिबात न धरता पट्टा काढला : ९७ ते ११०. उत्तीर्ण, पण कडेला. मग त्यांची अर्धीमुर्धी माहिती न टाकता, जेवढी आहे तेवढी वापरणारी मिश्र पद्धत लावली. वरचं टोक आणखी सरकलं : ११०.८. मर्यादा १११.१. म्हणजे खऱ्या माणसांची खरी माहिती जितकी जास्त घ्यावी तितका निकाल काठाकडे जात होता, आणि यंत्राने जागा भरल्या की तो निवांत मध्ये येऊन बसत होता.

तिने चहा मागवला आणि त्या सहा जणांच्या पहिल्या गोळीचे आलेख एकावर एक ठेवले. तेवारिलची पातळी चार तासांनी शिगेला पोचायला हवी. या सहांची एका तासातच पोचली होती, तीही दुपटीच्या आसपास.

"याचं उत्तर प्रतिरूपने दिलंय की," डॉ. बाकलीवाल म्हणाले. संस्थेचे संचालक नितीन बाकलीवाल यांचं केबिन काचेचं होतं आणि ते स्वतःही सरळ होते. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. "या सहा जणांची शरीरंच तशी आहेत. औषध भराभर शोषून घेणारी. यंत्राने ते ओळखलं, आणि जुनी गोळी घेतली असती तरी एवढंच चढलं असतं असं काढलं. दोन्हीकडे सारखं. झालं!"

"सर, पण हे यंत्राने ओळखलं कशावरून? आपल्याकडे त्यांची एकच गोळी आहे. आलेख उंच गेला तो माणसामुळे की गोळीमुळे, हे एका गोळीवरून कुणालाच सांगता येणार नाही. यंत्रालाही नाही."

"मग त्याने कसं सांगितलं?"

"मी त्याची माहितीपुस्तिका वाचली. दोन्ही गोळ्या सारख्या आहेत असं धरूनच ते चालतं. त्याला शिकवलं तेच पास झालेल्या अभ्यासांवर. म्हणजे जे आपल्याला सिद्ध करायचंय, ते त्याने आधीच मान्य करून टाकलंय."

बाकलीवालांनी चष्मा काढला. "नियमात बसतंय, उज्ज्वला मॅडम."

"बसतंय."

"आणि या औषधाची किती जण वाट बघतायत ते तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? तुमच्या घरात..."

"म्हणूनच तर सांगतेय, सर." ती उठून उभी राहिली आणि तिने सोबत आणलेल्या लॅपटॉपवरचा एक आलेख त्यांच्यापुढे सरकवला. "हा बावीस क्रमांक बघा. याने आधी जुनी गोळी घेतली, मग नवी. दोन्ही वेळा आला. जुनीला चार तासांनी, व्यवस्थित. नवीला एका तासात आणि दुप्पट. एकच माणूस, एकच यकृत. आपण त्याला 'अपवाद' म्हणून तळटीपेत टाकलंय."

"एखादा असा निघतोच."

"निघतो. पण त्याला त्रास झाला असेल तेव्हा अभ्यास संपलेलाच होता, त्यामुळे त्याला सोडून जायला जागाच नव्हती. ज्यांना नवी गोळी आधी मिळाली त्यांना मात्र होती. माझी शंका एवढीच आहे की ते सहाही जण बावीस क्रमांकासारखे असतील."

तिने त्या सहा जागांत स्वतःच आकडे भरून एक तक्ता केला होता, तोही पुढे ठेवला. आधी फरक शून्य, मग पाच टक्के, मग दहा. पंधराला निकाल उलटत होता. त्या सहा जणांत नवी गोळी सरासरी पंधरा टक्के जरी जास्त चढत असली, तरी अभ्यास नापास होता.

"मी दुसऱ्या कुणाची सही घेऊ शकतो," बाकलीवाल शांतपणे म्हणाले.

"घ्या. पण हा तक्ता माझ्या नावानिशी फाइलला लागेल. आज्ञावली उघडी आहे, ज्याला हवं त्याने चालवून बघावी."

त्यांनी तक्ता ओळीओळीने वाचला. मग म्हणाले, "दोन आठवडे. शंका घेऊन मी फाइल थांबवू शकत नाही, मॅडम. माणसं आणा."

ती माणसं कुठे राहतात ते उज्ज्वलाला कळायचा मार्ग नव्हता. आकडेवाल्यांना नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतात, आणि ते बरोबरच होतं. तिने नैतिक समितीची रीतसर परवानगी घेतली आणि रुक्साना सिस्टरला गाठलं. वॉर्डात बावीस वर्षं रक्ताचे नमुने घेणाऱ्या रुक्साना सिस्टरकडे प्रत्येकाचा पत्ता तर होताच, शिवाय कुणाला सुईची भीती वाटते, कुणाची शीर डाव्या हातात चांगली सापडते हेही पाठ होतं.

"चला," सिस्टर म्हणाली. "फोनवर कुणी खरं बोलत नाही. घरी गेलं की बोलतात."

पहिला होता तुळशीराम घुगे. वाळूजच्या अलीकडे त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, पत्र्याचं. दुपारची वेळ होती. सिस्टरला बघताच त्याने डोक्यावरचा मुखवटा वर केला आणि हातातलं काम खाली ठेवलं. तिशीच्या आतला, रोड, पण दंड मजबूत. त्याची बायको जानकी मागे एका गेटला रंग देत होती, तीही हात पुसत पुढे आली.

"सिस्टर, मी सांगितलं होतं ना, घरगुती अडचण होती म्हणून."

"कसली अडचण?" उज्ज्वलाने विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. जानकीनेच तोंड उघडलं. "काही अडचण नव्हती. ह्यांना गरगरत होतं. घरी आले तरी उभं राहवेना. मीच म्हटलं, आता परत जायचं नाही."

"तुळशीराम, वॉर्डात तर तू झोपला होतास," रुक्साना सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी विचारलं तुला, तू म्हणालास झोप येतेय. मी अंगावर चादर घातली तुझ्या."

"डोळे मिटून पडलो होतो, सिस्टर. उघडले की सगळं छत फिरायचं." तो खाली बघत म्हणाला. "चक्कर लिहिली की देशभरच्या यादीत लागते ती. मग पुढच्या अभ्यासाला कुठेच घेत नाहीत, आणि ते पैसे बुडतात. सगळ्यांनाच ठाऊक आहे ते."

 सिस्टर तिथल्या लोखंडी स्टुलावर बसली.

उज्ज्वलाने गोडीगुलाबी केली नाही. तुम्हाला दिली होती ती नवी गोळी होती, ती पुन्हा देणार नाही, फक्त जुनी द्यायची आहे, आणि जी लाखभर माणसं रोज घेतात तीच ती, हे तिने सांगितलं. नाही म्हणालात तर तुमच्या नावापुढे काहीही लागणार नाही, हेही सांगितलं. मग तो चढ माणसामुळे की गोळीमुळे, हे समजावायला लागली, पण तिला शब्द सापडेनात.

तुळशीरामनेच मध्ये तोंड घातलं. "म्हणजे जोड तुटला, तर रॉड वाईट की माझा हात वाईट, असंच ना? दोन्ही रॉड एकाच हाताने चालवल्याशिवाय ते कळायचं नाही."

"अगदी तेच," उज्ज्वला म्हणाली. इतकं स्वच्छ तिला एकाही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि मी नाही आलो तर?"

"तर यंत्र म्हणणार, तुमचा हात वाईट होता. आणि गोळी बाजारात जाणार."

जानकीने रंगाचा ब्रश डब्यात ठेवला. "ही गोळी लहान पोरंपण घेतात का?"

"घेतात."

"मग मी सोबत येईन," ती म्हणाली. "ह्यांच्या शेजारी बसून राहीन. चालेल का?"

आतापर्यंत कुठल्या अभ्यासात स्वयंसेवकाची बायको शेजारी बसली नव्हती. उज्ज्वला म्हणाली, "चालवून घेऊ."

पुढच्या नऊ दिवसांत त्या दोघी बिडकीनला, पडेगावला, पार कन्नडला जाऊन आल्या. सहांपैकी एक सुरतेला निघून गेला होता आणि यायला तयार नव्हता. उरलेल्या चौघांची कथा तुळशीरामसारखीच निघाली, फक्त कुणी बाथरूममध्ये भिंत धरून उभा होता, कुणी परतताना रिक्षातच आडवा झाला होता. जुनी गोळी आधी घेतलेला सातवा मात्र खरोखरच पुण्याला नोकरी लागल्यामुळे गेला होता. त्याने फोनवर हसत सांगितलं, "मला काही झालं नव्हतं हो, उलट झोप मस्त लागली."

त्याच आठवड्यात संघमित्राचा फोन आला. "ताई, झाली का गं फाइल? दुकानदार म्हणतो पुढच्या महिन्यापासून परदेशी माल पुन्हा बंद."

"अजून नाही झाली, मित्रा. काही माणसं आणायची आहेत."

"आणायची म्हणजे? अभ्यास संपला म्हणाली होतीस."

"संपला होता असं वाटलं होतं."

 संघमित्रा म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही. पण लवकर कर."

पाचही जण ठरल्या दिवशी सकाळी सहाला आले. जानकी खरंच तुळशीरामच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली. आधी सगळ्यांना भुईमुगाच्या दाण्याएवढी एक मोजणारी कॅप्सूल गिळायला दिली, पोटातलं आम्ल किती आहे ते कळावं म्हणून. ही सूचना कारखान्याच्याच एका रसायनशास्त्रज्ञाची होती. बाकलीवालांनी त्याला तो तक्ता पाठवला तेव्हा त्याने ताबडतोब फोन करून एकच प्रश्न विचारला होता : या लोकांची पोटं बघितलीत का?

बघितली. पाचांच्या पोटांत आम्ल जवळपास नव्हतंच. अशी माणसं वाटतात त्याहून जास्त असतात. लहानपणी जठराला झालेला जुनाट संसर्ग वर्षानुवर्षं आतलं अस्तर झिजवतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. नव्या गोळीचं आवरण आम्लात टिकावं आणि पुढे आतड्यात गेल्यावर हळूहळू विरघळावं असं बनवलेलं होतं. आम्लच नसेल, तर ते पोटातच विरघळून दिवसभराचं औषध एका दमात सोडून देणार. जुन्या गोळीच्या आवरणाला बारीक छिद्रं होती. तिला आम्लाशी देणंघेणं नव्हतं.

एवढं सगळं तर्काने जुळत होतं. पण तर्क म्हणजे मोजणं नव्हे. उज्ज्वला पहिल्या तासाच्या नमुन्याची वाट बघत वॉर्डाबाहेर उभी राहिली. तिच्या ध्यानात आलं की आपला तर्क चुकावा असं आपल्याला मनापासून वाटतंय. या पाचांना जुनी गोळीही तशीच चढली, तर यंत्र बरोबर, बाकलीवाल बरोबर, आणि संध्याकाळपर्यंत सही करून संबोधीची गोळी मोकळी.

पहिल्या तासाला पाचांच्याही रक्तात जेमतेम औषध होतं. तुळशीराम पलंगावर उठून बसला आणि जानकीला म्हणाला, "काहीच होत नाहीये गं." चौथ्या तासाला पातळी शिगेला पोचली, जिथे पोचायला हवी तिथेच. चार दिवसांनी प्रयोगशाळेचे सगळे आकडे हाती आले तेव्हा उज्ज्वलाने तीच जुनी आज्ञावली पुन्हा चालवली. एक ओळही बदलावी लागली नाही. फक्त पाच रिकाम्या जागा आता भरलेल्या होत्या.

१०४ ते १२४.

बाकलीवालांनी आकडा दोनदा वाचला. मग कारखान्याला स्वतः फोन लावला आणि उज्ज्वलासमोरच सांगितलं की फाइल जाणार नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मी खरंच दुसऱ्याची सही घेतली असती."

"माहीत आहे, सर."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला होता," ती म्हणाली. "पण रागावत बसायला वेळ नव्हता."

नवं आवरण बनवायला, त्याच्या चाचण्या करायला आणि पुन्हा पहिल्यापासून अभ्यास करायला वर्ष तरी लागणार होतं. त्या वर्षात परदेशी माल तीनदा तुटला. डॉक्टरांनी संबोधीला दुसरं औषध लावून पाहिलं. ते तिला मानवलं नाही. ऑक्टोबरात शाळेच्या मैदानावर, कबड्डीच्या सरावात, तिला फिट आली आणि पडताना हनुवटी फुटली.

उज्ज्वला बातमी कळताच जालन्याला गेली. सरकारी दवाखान्याच्या पडवीत संघमित्रा बाकावर बसली होती. आत मुलीला सात टाके पडले होते.

"ताई, तू आलीस कशाला?" संघमित्रा तिच्याकडे न बघता म्हणाली.

उज्ज्वला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मी डॉक्टरांना विचारलं. तिच्या पोटातलं आम्ल व्यवस्थित आहे. त्यांनी ती कॅप्सूल देऊन पाहिलं. म्हणजे तुमची ती गोळी तिला चालली असती. चालली असती की नाही?"

खोटं बोलायला कुणी अडवलं नव्हतं. कदाचित, सांगता येत नाही, असंही काही म्हणता आलं असतं.

"चालली असती," उज्ज्वला म्हणाली.

"तुझ्या सहा-सात माणसांसाठी माझ्या एका पोरीला..."  संघमित्राने पदर तोंडाशी धरला.

"मित्रा, बाजारात गेली असती तर शंभरातल्या पंधरा-वीस जणांना ती एका तासात चढली असती आणि संध्याकाळी उतरली असती. त्यांतली पोरं फिट येऊन पडली असती. आणि गोळी बरोबर आहे असं कागदावर असल्यामुळे डॉक्टरांनी तिच्यावर संशयच घेतला नसता. त्या पोरांचं शरीरच वाईट, असं म्हणाले असते."

"ती पोरं माझी नाहीत."

"नाहीत," उज्ज्वला म्हणाली. "पण मला कुणीतरी विचारलं होतं, गोळ्या सारख्या आहेत का. त्या नव्हत्या. मी हो कसं म्हणू?"

 संबोधीला बाहेर आणलं, तेव्हा हनुवटीवर पांढरी पट्टी होती. "मावशी!" ती म्हणाली, आणि टाके ताणले म्हणून कळवळली. उज्ज्वलाने तिचं दप्तर उचललं आणि रिक्षापर्यंत त्यांच्यामागून चालत गेली. संघमित्राने दप्तर तिच्या हातून काढून घेतलं आणि रिक्षा निघून गेली. पुढचे सात महिने बहिणींचं बोलणं संबोधीच्या तब्येतीपुरतं झालं, तेही संबोधीच्याच फोनवरून.

ते सात महिने उज्ज्वलाने दोन कामांत घालवले. पहिलं काम नव्या अभ्यासाच्या आराखड्याचं. या वेळी सुरुवातीलाच पोटातल्या आम्लाची मोजणी ठेवली. रुक्साना सिस्टरने हट्टाने एक कलम घालून घेतलं : ज्याला त्रास झाला त्याने तो सांगितला, तर त्याचं नाव पुढच्या यादीतून वगळायचं नाही. देशभरच्या नोंदवहीचा नियम बदलायला आणखी वेळ लागणार होता, पण समतोलपुरतं ते लागू झालं, आणि सिस्टरने ते कलम मोठ्या अक्षरांत छापून वॉर्डात लावलं.

दुसरं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपली आज्ञावली नीट साफसूफ केली, प्रत्येक ओळीखाली सोप्या मराठीत आणि इंग्रजीत खुलासा लिहिला, आणि ती सगळ्यांसाठी मोकळी करून टाकली. कुणाचाही अपुरा अभ्यास तिच्यात घातला की ती एकच गोष्ट सांगायची : न आलेली माणसं आलेल्या माणसांपेक्षा किती वेगळी असली, तर तुमचा निकाल उलटेल. तीन महिन्यांत ती चौदा देशांतून उतरवून घेतली गेली. हैदराबादच्या एका मुलीने तिच्यातली एक चूक दाखवून दिली. उज्ज्वलाने ती दुरुस्त केली आणि तिचं नाव वर लिहिलं. प्रतिरूप बनवणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीने आधी वकिलाचं पत्र पाठवलं आणि मग, दोन जुने अभ्यास तिच्या आज्ञावलीत उलटल्यावर, एक माणूस पाठवला. तो माणूस दोन दिवस तिच्याशेजारी बसून होता. जाताना म्हणाला, "आमच्या यंत्राला 'माहीत नाही' म्हणायला शिकवलंच नव्हतं आम्ही."

"शिकवा आता," उज्ज्वला म्हणाली.

नव्या आवरणाची गोळी मार्चमध्ये पास झाली : ९५ ते १०४. परवानगीचं पत्र मे महिन्यात आलं. त्यानंतरच्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, उज्ज्वला जालन्याला संघमित्राच्या दारात उभी राहिली. हातात गोळ्यांचं पाकीट होतं. ते दुकानातूनच, सगळ्यांसारखं विकत घेतलेलं होतं.

संघमित्राने दार उघडलं. ती बाजूला झाली. "ये. पोहे टाकतेच आहे."

स्वयंपाकघरात संबोधी ओट्यावर चढून बसली होती. हनुवटीवरचा व्रण आता नुसती रेघ झाला होता. उज्ज्वलाने पाकीट ओट्यावर ठेवलं. संघमित्राने ते उचललं, उलटं-सुलटं करून वाचलं, एक गोळी काढून तळहातावर घेतली. मुलीला दिली मात्र नाही.

"या वेळी किती माणसं होती?" तिने विचारलं.

"चाळीस."

"सगळी परत आली?"

"नाही," उज्ज्वला म्हणाली. "दोघं नाही आले."

संघमित्राने तिच्याकडे पाहिलं. गॅसवर मोहरी तडतडत होती. तिने मान न वळवता बटण बंद केलं.

"का नाही आले?"

"एकाची आई वारली. भोकरदनला घर आहे, मी जाऊन आले. दुसऱ्याला सैन्यात बोलावणं आलं. त्याच्याशी बोलले, त्याच्या वडिलांशीही बोलले. दोघांनाही गोळीने काही झालं नव्हतं. तरीही त्यांना झालं असतं असं धरून पाहिलं. निकाल हलला नाही."

"तू स्वतः गेलीस?"

"स्वतः गेले."

 संघमित्राने माठातून पेला भरला, मुलीचा हात हातात घेतला आणि गोळी तिच्या तळव्यावर ठेवली.

"घे," ती म्हणाली. "आणि काहीही वाटलं, अगदी बारीकसं, तरी लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

संबोधीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि रिकामा पेला मावशीच्या हातात दिला.